पाकळीचा ल

घरात शिरताना उंबऱ्याकडे कोण पाहतो? ठेच लागली तरच आपण खाली बघतो. अक्षराचेही तसेच आहे. वाचता येऊ लागले की ते दिसेनासे होते. पहिलीतले मूल 'कमळ' वाचते तेव्हा त्याला आधी तीन चित्रे दिसतात. मग ती एकमेकांना चिकटतात आणि मग कुठे तळ्यातले कमळ त्याच्या डोळ्यांपुढे येते. आपण मोठी माणसे थेट तळ्यावर जातो. वाटेत तीन चित्रे होती हे आपल्या गावीही नसते.

माझा तर धंदाच ठेचांचा. तीस वर्षे मी मुद्रिते तपासली. सुरुवातीला शिशाचे खिळे होते, जुळाऱ्यांच्या काळ्या बोटांचे ठसे मुद्रितांवर उमटलेले असत. मग फिल्म आली, मग संगणक आला. या सगळ्या काळात अक्षरे माझ्या डोळ्यांखालून गेली ती आजारी म्हणून. उलटे बसलेले अक्षर, कान तुटलेले अक्षर, शाई भरून आंधळे झालेले अक्षर, दुसऱ्याच टंकाच्या घरातून चुकून आलेले परके अक्षर. निरोगी अक्षराकडे पाहण्याचे मला कारणच नव्हते. डॉक्टरांच्या दारात धडधाकट माणूस कशाला येईल?

निवृत्त झाल्यावर मी अक्षरलेखनाच्या एका वर्गाला जाऊ लागले. शनिवारी सकाळी दोन तास. शिकवणारे सर माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे. पहिल्याच दिवशी त्यांनी फर्मान काढले : प्रत्येकाने एक अक्षर निवडायचे आणि सहा महिने त्याच्याशिवाय दुसरे काही काढायचे नाही. वर्गात एकदम चुळबूळ झाली. सहा महिने एकच अक्षर? बारा मुली-मुलगे आणि मी. एकाने 'क' घेतला, कारण बाराखडी त्याच्यापासून सुरू होते. एका शूर मुलीने 'ह' घेतला. एका हिशेबी मुलाने 'ठ' घेतला. एक गोल आणि वर एक देठ, सहा महिने आराम! (त्याचेच सर्वांत जास्त हाल झाले. गोलाइतके लबाड काही नाही हे त्याला दिवाळीपर्यंत कळून चुकले होते.)

मी म्हटले, "मी ल घेते."

सरांनी विचारले, "कुठला ल, काकू?"

त्या प्रश्नाने मी थबकले. तीस वर्षांत मला तो कोणी विचारला नव्हता.

ल दोन आहेत. वाचकाने आपल्या हातातल्या या पानावर नजर टाकली तर त्यांतला एक त्याला दिसेल. पण कुठला दिसेल हे मला लिहिताना सांगता येत नाही. ते का, हे पुढे येईलच. तूर्त मी त्यांचे शब्दांनीच वर्णन करते. एक दांडीचा ल. त्याच्या उजव्या अंगाला शिरोरेषेपासून तळापर्यंत सरळ दांडी असते आणि डावीकडे दोन वळसे तिला येऊन टेकतात. हा उत्तरेकडचा, हिंदीच्या पुस्तकांत तोच असतो. दुसरा पाकळीचा ल. त्याला दांडीच नाही. शिरोरेषेपासून मधोमध एक आखूड देठ उतरतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पाकळी उमलते. हा आपल्याकडचा. जुन्या मराठी पुस्तकांत, आईच्या पत्रांत, वाण्याच्या वहीत, एसटीच्या पाट्यांवर आपण वाचत आलो तो हा. सर मराठी, मी मराठी, तेव्हा मी म्हटले, "आपलाच."

पहिले दोन महिने आम्ही नुसते गिरवले. आधी पेन्सिलीने, मग बोरूने. बोरूला कत मारायची दिशा मराठी अक्षराला एक आणि रोमन अक्षराला बरोबर उलटी, हे मी वाचून जाणून होते. पण चुकीच्या कतीच्या बोरूने ल काढला तेव्हा ते हाताला समजले. जिथे अक्षराने अंग भरायचे तिथे ते रोडावले आणि जिथे निमुळते व्हायचे तिथे सुजले. अक्षराचा जाडेपणा ही कोणी वरून चढवलेली कलाकुसर नाही. तो लेखणीच्या टोकाचा आणि हाताच्या वळणाचा हिशेब आहे. छापखाने आले, बोरू गेले, आता कागदही चालला; पण संगणकावरच्या बहुतेक मराठी अक्षरांच्या अंगात तो बोरू अजून आहे.

मग प्रयोग सुरू झाले. सर म्हणाले, या अक्षरातून एकेक गोष्ट काढून टाका आणि ते कधी मरते ते पाहा. मी शिरोरेषा पुसली. ल जिवंत राहिला. देठ काढला, आणि कागदावर एकदम मुलांच्या चित्रातला उडता पक्षी आला, डोंगरामागच्या सूर्याजवळ असतो तो. देठ पुन्हा लावला तर पक्षी बसला आणि ल झाला. उजवी पाकळी झाकली तर उरले ते अर्धे अक्षर, कोल्हापुरातले. डावी झाकली तर काहीच उरले नाही. दोन्ही पाकळ्या कंपासने, अगदी काटेकोर सारख्या काढल्या. तर ल मेला नाही, पण मेणाचा झाला. त्याला हालचाल उरली नाही. उजवी पाकळी डावीपेक्षा किंचित मोठी केली तेव्हा कुठे दोन्ही सारख्या दिसू लागल्या. डोळ्याचे माप आणि फुटपट्टीचे माप निराळे असते. ज्या बाईने जन्मभर डोळ्याच्या मापाने पोळ्या लाटल्या तिला हे नवीन नसावे. पण कागदावर ते सिद्ध झालेले पाहून मला फार मौज वाटली.

एकदा मी सुतळीने ल केला. एकदा तांदळांचा केला. एकदा काळ्या कागदातून पाकळ्यांमधली पोकळी तेवढी कापून काढली आणि पांढऱ्यावर चिकटवली. अक्षर कुठेच नव्हते, फक्त त्याच्या आतली हवा होती, आणि तरी वर्गातल्या सगळ्यांनी 'ल' असे वाचले. त्या दिवशी मला छापखान्यातले एक जुने कोडे सुटले. बारीक टायपात ल नेहमी आधी का आंधळा होई? कारण आम्ही काळ्या रेघा मोजत होतो. वाचणारा मधला पांढरा वाचत होता. मधल्या घडीत शाई साचली की पाकळ्या गेल्याच.

एका अक्षरापायी एवढी यातायात करणारी मी पहिली नाही, हे पुढे वाचनात आले. अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी आपली पुस्तके नीट छापली जावीत म्हणून संगणकाला अक्षरे काढायला शिकवण्याचे मनावर घेतले. रोमन लिपीतल्या 'एस' या अक्षराने मात्र त्यांना अडवले. त्या मधल्या नागमोडी वळणाचे गणित काही केल्या जमेना. शेवटी ते सुटले आणि १९८० साली त्यांनी एका गणिती नियतकालिकात त्या एकाच अक्षरावर लेख लिहिला. एवढा मोठा गणिती एका वळणापुढे अडतो, हे वाचून मला धीर आला. हाताला सहज जमते त्याचा नियम सांगणे ही निराळीच विद्या आहे.

तोवर माझा ल एकटा होता. तिसऱ्या महिन्यात सरांनी त्याला शेजारी दिले : काना द्या, उकार द्या, जोडाक्षरे करा. आणि इथे खरी गोष्ट उलगडू लागली.

देवनागरीत अक्षरांचे काही घराणी आहेत म्हणा ना. काही दांडीची : ख, ग, न, म, स. यांची दांडी काढली की ती अर्धी होतात. पुन्हा काना दिला की पुरी. क आणि फ यांच्या पोटातून दांडी जाते. आणि काही देठाची : ट, ठ, ड, द, ह, ळ. ही शिरोरेषेला फळासारखी लटकतात. जुळाऱ्याच्या आणि टंकयंत्राच्या दृष्टीने दांडीची अक्षरे म्हणजे गुणी लेकरे. एक अर्धा तुकडा आणि एक काना ठेवला की काम भागते. देठाची अक्षरे हट्टी. पाकळीचा ल या हट्टी घराण्यात बसतो. त्याला अर्धे करायचे तर उजव्या पाकळीला कात्री लावावी लागते. त्याला उकार द्यायचा तर दांडीचा पाय नाही. तो मधोमध खाली लटकतो, पाळण्यासारखा. सोयीचा हिशेब मांडला तर दांडीचा ल केव्हाही सरस. यंत्राला विचाराल तर ते त्यालाच कौल देईल, आणि त्यात यंत्राचे काही चुकले असे म्हणता येणार नाही.

पण मी यंत्राला न विचारता एक वाक्य लिहिले : 'त्याला बोलावलेलं त्यालाच कळलं नव्हतं.' साधे, स्वयंपाकघरातले वाक्य. त्यात सहा ल आहेत. त्यांतल्या तिघांना काना आहे. आता हे वाक्य दांडीच्या लने लिहून पाहा. जिथे 'ला' येतो तिथे लची दांडी आणि कान्याची दांडी अशा दोन दांड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात. ओळभर कुंपण उभे राहते. तेच पाकळीच्या लने लिहा. पाकळ्यांच्या शेजारी एकच दांडी. ओळीत हवा खेळते. मी दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून भिंतीला टाचल्या आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन डोळे किलकिले करून पाहिले. वरची ओळ पावसासारखी सरळ कोसळत होती. खालची चालत होती.

आणि मग प्रश्न आला, की साध्या वाक्यात सहा ल का? मी मराठी शब्द टिपू लागले. टिपता टिपता हसू आले, 'लागले', 'आले'. आपला सारा भूतकाळ या अक्षरावर उभा आहे. गेला, आला, केला, जेवला, मेला. हिंदी 'गया' म्हणते, तिला ल लागत नाही. आपल्याला लागतो आणि बंगालीलाही लागतो. भविष्यकाळही त्याच्याकडेच : येईल, जाईल, बरे होईल. द्यायचे कुणाला? मला, तुला, त्याला, आईला. श्रवणबेळगोळच्या शिल्पाच्या पायाशी कोरलेल्या मराठी ओळीतही 'करवियलें' आहे. करवून घेतले, हे सांगायला तिथेही ल आलाच. नवव्या-दहाव्या शतकापासून म्हणा किंवा त्याच्याही आधीपासून, ज्याने मराठीत काही केले त्याने ते लच्या साक्षीने केले. हे अक्षर काढून घेतले तर या भाषेला काल उरत नाही, आणि उद्याही फारसा उरत नाही.

काल म्हटल्यावर काळ आठवला. वर्णमालेत लचा एक भाऊ आहे, ळ. तोही देठाचा. त्याचीही दोन अंगे. फरक एवढाच की लच्या पाकळ्या उघड्या आहेत आणि ळच्या मिटलेल्या. दांडीचा ल आणि ळ शेजारी ठेवा. ते कोणाचे कोणी वाटत नाहीत. पाकळीचा ल ठेवा, आणि नाते चेहऱ्यावर दिसते. आता पाहा : संस्कृताचे कमल आपले कमळ झाले, फलाचे फळ झाले, बालाचे बाळ, जलाचे जळ. आपल्या तोंडात जे घडले तेच कागदावर दिसते. पाकळ्या मिटल्या आणि लचा ळ झाला. 'काल' लिहिताना पाकळ्या उघड्या असतात, 'काळ' लिहिताना त्या मिटतात. कोणी अक्षरे घडवणाऱ्याने असे ठरवून केले असेल असे मी म्हणत नाही. पण एखादे वळण शेकडो वर्षे एका भाषेच्या हाताखाली राहिले की त्याला त्या भाषेची सवय होते, एवढे मला दिसले. जुन्या वहाणेला पायाचा आकार येतो तसे.

म्हणून मी या वळणाचा माग काढू लागले. विल्यम कॅरींचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले ते बंगालात, श्रीरामपूरला. पुढे मुंबईत आपल्याच माणसांनी हे काम अंगावर घेतले. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्याकडचे राणोजी रावजी आरू हे अक्षरे कोरण्यात तरबेज. पोलादी कांबीच्या टोकाला अक्षर उलटे कोरायचे, ते तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि साच्यात शिशाचा रस ओतायचा. आणि हे सारे प्रत्येक मापासाठी नव्याने. निर्णयसागरच्या टायपात छापलेले संस्कृत ग्रंथ हिंदुस्थानभर गेले. हातात भिंग घेऊन मी त्या जुन्या पानांवरचे ल पाहिले. उजवी पाकळी किंचित मोठी! मी एक महिना घालवून जे शोधले ते पोलादावर उलटे कोरणाऱ्या त्या हातांना आधीच माहीत होते.

खिळ्यांची लिपी जड होती हेही तितकेच खरे. शेकडो घरांची पेटी, तिच्यापुढे दिवसभर उभा राहणारा जुळारी. लोकमान्य टिळकांपासून स्वातंत्र्यवीर सावरकरांपर्यंत अनेकांनी हे ओझे कमी कसे होईल याचा विचार केला. १९५३ साली लखनौला लिपीसुधारणेची मोठी परिषद भरली. अशा विचारांतून बऱ्याच गोष्टी चांगल्या झाल्या. 'रव' वाचला जाणारा ख खालून जोडला गेला. उत्तर-दक्षिणेत देवघेव झाली, आणि त्या देवघेवीत आपली बाजू काही पडती नव्हती. आज प्रमाण हिंदीत अ, झ आणि ण यांची जी रूपे वापरतात ती मुंबईच्या वळणाची आहेत. उत्तरेने आपले घरचे अ आणि झ बाजूला ठेवून आपले घेतले. ल आणि श मात्र तिकडचे राहिले. तेव्हा कोणी कोणावर अन्याय केला अशी तक्रार घेऊन मी बसलेली नाही. लग्नात दोन्हीकडची भांडी एकत्र होतात. कुठली पातेली वापरात राहतील आणि कुठली माळ्यावर जातील हे कोणी भांडून ठरवत नाही. पण माळ्यावर गेलेल्या पातेल्यात कोणाची तरी आई दूध तापवत होती, एवढे विसरू नये.

हे मी विसरले नाही ते आक्कांमुळे. आक्का आमच्या शेजारच्या. पंचाहत्तरीच्या. मुलगा-सून नोकरीला जातात, नातवाचा अभ्यास आक्का घेत. नातू दुसरीत. एके संध्याकाळी त्या त्याची वही घेऊन माझ्याकडे आल्या. शुद्धलेखनाचे पान होते. सात ठिकाणी लाल पेनने गोल केले होते आणि समासात दांडीचा ल काढून 'असा लिही' म्हणून बजावले होते. सातही ल पाकळीचे होते. अक्षर मुलाचे, पण वळण आक्कांचे. पाहिल्याबरोबर ओळखू यावे इतके.

"तुम्ही छापखान्यात होतात," आक्का म्हणाल्या. "तुम्हीच सांगा. माझा ल चुकीचा आहे का हो?"

मी म्हटले, "छे! चुकीचा कसा असेल?"

"चौथीपर्यंतच शिकले मी. गुरुजींनी धुळाक्षरं गिरवून घेतली होती. पुढं काही शिकायला मिळालं नाही. म्हटलं, एवढं तरी आपल्याला येतं ते त्याला द्यावं." मग थोडे थांबून म्हणाल्या, "तर तेही जुनं निघालं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नातवाची वही हातात घेणे सोडले. विचारले तर म्हणत, "आता त्याच्या बाईच बघतात." शाळेतल्या त्या बाईंनाही मी दोष देत नाही. त्यांच्यापुढच्या छापील पानावर जो ल असेल तोच त्या बरोबर धरणार. पण एका लाल गोलात किती मावते ते मी त्या दिवशी पाहिले. मूल नवे वळण दोन दिवसांत उचलते. त्याचे काही अडत नाही. आजीकडून नातवाकडे जाणारी एक वाट मात्र मिटते. आणि जिने पोथी वाचून वाचून हे अक्षर जपले तिला उतारवयात अडाणी ठरवले जाते, तेही न बोलता.

मी घरी येऊन कागद शोधला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठी वर्णमाला आणि लिपी यांबद्दल एक निर्णय काढला आहे. त्यात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही रूपे मानली आहेत. 'पाकळीयुक्त' हा शब्द सरकारी कागदात पाहून मला भरून आले. सरकारी कागदात इतका कोवळा शब्द मी दुसरा पाहिलेला नाही. त्याची प्रत काढून मी आक्कांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून, बोट ठेवून, सावकाश वाचले. मग घडी घातली आणि देवघराच्या खणात ठेवून दिली. तो कागद शाळेत गेला का, हे मी विचारले नाही. मात्र पुढच्या आठवड्यात नातवाच्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने काढलेली लची एक ओळ मी पाहिली. पाकळ्या होत्या. पुढच्या पानांवर दांडी, मागच्या पानावर पाकळ्या. मुलाला त्यात काहीच अडचण दिसत नव्हती. त्याला दोन ल येतात. मला त्याच्या वयात एकच येत होता.

या वर्गाने मला हेच शिकवले असे वाटते. अक्षर म्हणजे ठरून गेलेला एक आकार नव्हे. सहा महिन्यांत मी लचे हजारभर आकार काढले असतील. जाडे, रोडके, कोनाचे, सुतळीचे, नुसत्या पोकळीचे. तो सगळ्यांत होता. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतली नावे रेखाटताना अक्षरांना किती रूपे घ्यायला लावली! ती सारी वाचता आली, कारण आतले अक्षर त्यांनी कधी सोडले नाही. अक्षर इतके सोसते. ते एकाच गोष्टीने मरते : कोणी ते काढेनासे झाले म्हणजे.

आता सुरुवातीला राहून गेलेली गोष्ट. या पानावर कुठला ल छापला आहे हे मला का सांगता येत नाही? संगणक आकार साठवत नाही, क्रमांक साठवतो. युनिकोड नावाच्या जागतिक तक्त्यात लचा क्रमांक ०९३२ आहे. शेजारी ०९३३ वर ळ बसला आहे. दांडीचा ल आणि पाकळीचा ल या दोघांना मिळून हा एकच क्रमांक. मी लिहिते तेव्हा कागदावर आकार जात नाही, तो आकडा जातो. त्या आकड्याला कुठला देह द्यायचा हे पुढे टंक ठरवतो, आणि बहुतेक टंक आपण होऊन दांडीचा देतात. पण चांगल्या टंकांच्या पोटात पाकळीचाही ठेवलेला असतो. तो बाहेर यावा यासाठी एकच करावे लागते. मजकूर जुळवताना यंत्राला सांगावे लागते की ही भाषा मराठी आहे. लिपी देवनागरी एवढे सांगून भागत नाही. त्यावर यंत्र समजते की ही हिंदी असावी. भाषेचे नाव सांगितले की ओळीतल्या दांड्या गळून पडतात आणि पाकळ्या उघडतात. मी हे पहिल्यांदा पडद्यावर पाहिले तेव्हा दोन-तीनदा नाव पुसून पुन्हा लिहून पाहिले. मराठी म्हटले की उमले. पुसले की मिटे.

पुष्कळांना हे ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी एवढ्या बारीकसारीक गोष्टीसाठी कोण थांबतो? जुळाऱ्याच्या पेटीत चुकीचा खिळा आला तर त्याच्या बोटांना कळत असे. आता कोणाच्याच बोटाला काही लागत नाही. म्हणून विचारणे हेच जुळाऱ्याचे काम होऊन बसले आहे, आणि ते ज्याच्या-त्याच्यावर आले आहे. मी हा लेख संपादकांकडे पाठवताना वर एक ओळ लिहिली आहे : भाषा मराठी. छापखान्यात कोणी ती यंत्राला सांगितली असेल, तर वाचकाने या ओळीतले शेवटचे अक्षर पाहावे. ते आता त्याला दिसेल.